पाकिताच्या बेकरीवरून डावीकडे

तो दुकानात शिरला तोच भांडायला.

मे महिन्यातली साडेचारची वेळ. दुपारची झोप आटोपून मी नुकतंच शटर वर सारलं होतं. फेर्मिन मामा आत छापखान्यात अजून जांभया देत होते आणि मी काउंटरवर बसून चेरी खात होते. तोंडात बी होती म्हणून, नाहीतर पहिलं वाक्य माझंच असतं.

"हा कागद ज्यानं कुणी लिहिलाय ना," घामेजलेलं, चुरगळलेलं पत्रक त्यानं काउंटरवर आपटलं, "त्या माणसाला मला एकदा बघायचंय."

उंच, उन्हानं रापलेला, डोळे रागानं लाल. हात मात्र भलतेच खरबरीत, नखांच्या कडेनं पांढरी भुकटी बसलेली. का कुणास ठाऊक, मी आधी हातच पाहिले.

पत्रक माझं होतं. 'सालामान्का – आपलं आपण फिरा. अकरा थांबे, दोन तास. गाइड नको, घाई नको.' त्यातला शब्द न् शब्द माझा, नकाशाही माझ्याच हातचा.

मी बी गिळून टाकली. "बघा मग. मीच ती."

"तुम्ही?" तो क्षणभर गडबडला. मग पुन्हा उसळला. "बाई, तिसऱ्या थांब्यानंतर काय लिहिलंय तुम्ही? 'पाकिताच्या बेकरीवरून डावीकडे वळा.' एक तास! भर उन्हात एक तास मी पाकिताची बेकरी शोधतोय. सगळं गाव झोपलेलं. एक म्हातारे भेटले, ते म्हणाले, 'पाकिताची बेकरी? ही काय, समोरच.' तीनदा गेलो समोर. बेकरी नाही!"

"असं कसं नाही? त्या मोबाइलच्या दुकानात..."

आणि मी थांबले.

"मोबाइलच्या दुकानात काय?" त्यानं डोळे बारीक केले.

"तिथेच... होती बेकरी. सहा वर्षांपूर्वीपर्यंत."

आतून मामांचं हसणं ऐकू आलं. अस्सं हसले की त्यांना ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, पण खरं सांगते, आमच्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही! पाकिता मुलीकडे राहायला गेली, दुकान गेलं, पाटी गेली, तरी आम्ही अजून 'पाकिताच्या इथे भेटू' असंच म्हणतो. तिथे पाव मिळत नाही ही गोष्ट आम्हाला कधी नडलीच नाही.

"माफ करा," मी म्हटलं. आणि 'माफ करा' हे शब्द माझ्या तोंडून वर्षातून दोनदा निघतात, त्यातले हे पहिले.

"आता काय माफ करायचं? ठरलं माझं." त्यानं पत्रकाची घडी घातली. "सात वाजता फोन करून नाही म्हणणार. साडेसातच्या बसनं परत."

"कशाला नाही?"

तेव्हा कुठे सगळं कळलं. नाव तेल्मो. राहणार कादिस, म्हणजे पार दक्षिणेचं टोक, तिन्ही बाजूंनी समुद्र. धंद्यानं पाथरवट. आमच्या जुन्या इमारतींची झिजलेली नक्षी दुरुस्त करणाऱ्या एका कार्यशाळेनं त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. दुसरं बोलावणं तारागोनाचं, आणि तिथे समुद्र होता. कार्यशाळेच्या मोठ्या मेस्त्रींना आज सात वाजेपर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

"म्हटलं, दोन तास आपल्या पायांनी फिरून बघू या, इथे जीव रमेल का. तर गावानं सांगितलं, चालता हो."

"गावानं नाही, मी!" माझा पारा चढला. "चूक माझी, आणि नापास माझं गाव? हे कुठलं शहाणपण? चला माझ्याबरोबर. मी दाखवते."

"नको. गाइड नको, घाई नको, असं तुम्हीच लिहिलंय." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "यायचं तर या. पण मी वाचणार, मी चालणार. तुम्ही तीन पावलं मागे. आणि तोंडातून एक शब्द नाही. शब्द निघाला की खेळ खलास, मी बसस्टँडवर."

छापखान्यातलं हसू एकदम थांबलं. मामा दारात येऊन उभे राहिले.

"हिमेना? दोन तास गप्प?" ते त्याच्याकडे अगदी कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "अरे बाबा, बाप्तिस्म्याच्या वेळी ही पाद्रीबाबांना मध्येच थांबवत होती."

मी ओठांवर बोट ठेवलं, उरलेल्या चेरी खिशात कोंबल्या आणि त्याच्या मागे निघाले.

*

आता गप्प राहणं म्हणजे काय असतं ते माझ्यासारखीलाच विचारावं. जीभ नुसती वळवळत होती! तो मोठ्यानं वाचत पुढे चालला होता आणि प्रत्येक वाक्यासरशी मला माझ्या अकलेचे तारे दिसत होते.

"'तळलेल्या माशांचा वास येईपर्यंत सरळ जा.'" तो थांबला. हवेत नाक उंचावलं. "पाच वाजता मासे कोण तळतं?"

मी खाली मान घातली. आठनंतर तळतात.

"'गेल्या वर्षी बर्फावरून फेर्मिन मामा घसरले त्या कोपऱ्यावर उजवीकडे.'" त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी लंगडत दोन पावलं चालून दाखवलं आणि कोपऱ्याकडे हात केला.

तो हसला! पहिल्यांदाच. मोकळा, खदाखदा, डोक्यावरच्या कौलांवर बसलेले करकोचे चोची वाजवायला लागले इतका. आणि माझ्या छातीत उगाचच काहीतरी धडधडलं. अगं बाई, मी स्वतःला म्हटलं, गावासाठी आली आहेस ना? मग गावापुरतंच बघ.

विद्यापीठाच्या दारापाशी नेहमीची गर्दी होती. माना वर करून सगळे बेडूक शोधत होते. त्या एवढ्या दाट नक्षीत एक इवलासा दगडी बेडूक लपलेला आहे, ज्याला तो आपला आपण सापडतो तो परीक्षेत पास होतो म्हणतात, आणि काही जणांच्या मते त्याचं वर्षात लग्नही होतं. मला तो झोपेतही सापडतो. पण तेल्मो बेडकाकडे बघेच ना. तो सरळ बाजूच्या गल्लीत शिरला, एका साध्या भिंतीपाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि दगडावर तळवा फिरवायला लागला. अगदी हळू... एखाद्या जनावराची पाठ थोपटावी तसा.

"इथे बघा," तो कुजबुजला. "छिन्नीचे घाव. आजूबाजूचे सगळे असे उजवीकडून तिरके उतरतात. हे सात दगड उलटे. या माणसाचा डावा हात चालायचा." त्यानं माझा हात धरून, न विचारता, दगडावर टेकवला. दगड उन्हानं ऊबदार होता. त्याचा हातही. "आणि हा शेवटचा बघा. घाव उथळ आहेत. दमला होता बिचारा, घरी जायची वेळ झाली असणार."

सव्वीस वर्षं मी त्या भिंतीजवळून जातेय. शाळेत जाताना, भाजीला जाताना, रडत, हसत. आणि मला ती कधी दिसली नव्हती.

"कसं कळलं हो तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

गेलं! मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. संपलं सगळं. बसस्टँड, तारागोना, समुद्र.

त्यानं भुवया उंचावल्या. वर आभाळाकडे पाहिलं, मग गल्लीच्या टोकाकडे.

"वारा सुटलाय वाटतं," तो म्हणाला. "काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं." आणि पत्रक उघडून पुढे चालायला लागला.

त्याच क्षणी माझं काम तमाम झालं. आता लपवून काय उपयोग?

कॅथीड्रलच्या दाराशी तो कोरलेल्या अंतराळवीरापाशी बराच वेळ रेंगाळला. तीसेक वर्षांपूर्वी दार दुरुस्त करणाऱ्यांनी वेलबुट्टीत हळूच घुसवलेला तो अंतराळवीर. नवीन माणूस त्याला बघून चक्रावतो. हा मात्र खूश झाला.

"म्हणजे इथे दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःचं काहीतरी कोरू देतात! मला दिलं तर मी काय कोरीन, सांगू?"

मी मान हलवली, सांगा.

"तोंड मिटून उभी असलेली मुलगी." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पण नको. पाचशे वर्षांनी लोक म्हणतील, कारागीर थापाड्या होता."

मी खिशातली चेरी काढून त्याला फेकून मारली. त्यानं ती झेलली आणि खाऊन टाकली.

*

दहावा थांबा जुन्या पुलाखाली, नदीकाठी. त्या थांब्यासाठी मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यानं त्या वाचल्या, या वेळी हळू आवाजात. "'इथे बसा. बघण्यासारखं काही नाही, म्हणूनच बसा.'"

तो बसला. मीही, तीन पावलं सोडून. समोर तोर्मेस संथ वाहत होती. वर सगळं गाव उतरत्या उन्हात मधाच्या रंगाचं झालं होतं.

"हा तुमचा समुद्र?" त्यानं विचारलं. "कादिसला मी खिडकी उघडली की खारा वारा आत येतो. रात्री लाटा ऐकल्याशिवाय झोप येत नाही. इथे मी काय ऐकू?" मग म्हणाला, "बोला. आता सूट."

आणि काय सांगू, माझी बोलतीच बंद! दीड तास मनात साठवलेलं सगळं कुठे गेलं देव जाणे. गावाची बाजू मांडायची होती, शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. त्याऐवजी मी खरं बोलले.

"हिवाळा वाईट असतो इथला. नोव्हेंबरपासून वारा कान कापून नेतो. लोक तोंडावर गोड बोलत नाहीत. ओळख व्हायला वर्ष लागतं. आणि माझ्या वयाचं कुणी उरलेलं नाही... शिकायला हजारो येतात, शिकून निघून जातात. माझ्या चारही मैत्रिणी माद्रिदला गेल्या. मला एकटीला फिरायचा कंटाळा आला म्हणून मी हे पत्रक लिहिलं. म्हटलं, निदान कुणीतरी माझ्या वाटेनं चालेल." मी खिशातली शेवटची चेरी नदीत भिरकावली. "पण मला इथेच राहायचंय. का ते विचारू नका. हे माझं आहे, बस्स. तुम्हाला नसेल रमायचं तर जा तारागोनाला. फक्त पाकितामुळे जाऊ नका."

त्यानं पाण्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"तू," तो म्हणाला. तुम्ही नाही, तू. "तू जाहिरात फार वाईट करतेस."

"सवय नाही रे," मी म्हटलं. आणि त्या 'रे'नं आम्ही दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागलो.

येताना वाटेत ओर्नाथोचा एकच मोठा तुकडा घेतला, मांस भरलेला, तुपकट आवरणाचा. चालता चालता अर्धा अर्धा खाल्ला. सॉसेजचा मोठा तुकडा त्यानं माझ्या वाटणीत सरकवला, मला कळलं नाही असं समजून.

*

प्लाथा मायोरमध्ये शिरलो तेव्हा घड्याळात पावणेसात झाले होते. चौकात गर्दी, कमानींखाली खुर्च्या, कपबश्यांचा खणखणाट. तेल्मोनं शेवटचा थांबा वाचला.

"'पूर्वी संध्याकाळी इथे सगळं गाव फेऱ्या मारायचं. पुरुष घड्याळाच्या दिशेनं, बायका उलट्या. म्हणजे एका फेरीत प्रत्येक जण दोनदा समोर यायचा. आता कुणी मारत नाही. तुम्ही मारून बघा.'" त्यानं कागद खिशात घातला. "मारायच्या?"

"आपण दोघंच? लोक हसतील."

"मला इथे कोण ओळखतं?"

"मला ओळखतात ना!" पण तो निघालाही होता, घड्याळाच्या दिशेनं. मी उलटी वळले.

पहिल्यांदा समोर आला तेव्हा त्यानं नसलेली टोपी उचलून मला अभिवादन केलं. मी नसलेला पंखा हलवला. माझे कान तापले होते. दुसऱ्यांदा लांबूनच दिसला, गर्दीतून डोकं काढून मला शोधत होता. शोधत होता, बरं का! जवळ आल्यावर साळसूदपणे विचारतो, "हिवाळ्यात कान फारच दुखतात का गं?"

"फारच."

"टोपी विणता येते तुला?"

"विकत आणता येते."

तिसऱ्यांदा तो हसत नव्हता. चालणं थांबवलं नाही त्यानं, फक्त हळू केलं. माझ्या बाजूनं जाताना म्हणाला, "हिमेना, थांब म्हण. तू म्हणालीस तर थांबतो."

आणि मी, मूर्ख, हट्टी, नाकावर टिच्चून चालणारी मी म्हणाले, "मी नाही म्हणणार. आयुष्य तुझं आहे. तूच ठरव."

तो पुढे गेला. मी पुढे गेले. घड्याळात सातला दोन कमी होते.

अर्धी फेरी झाली. आता समोरून यायला हवा होता. समोरून एक बाळाची गाडी आली, तीन विद्यार्थिनी आल्या, फुगेवाला आला. तो नाही आला. हळू चालत असेल, मी म्हटलं. कोपऱ्यावर पोचले. नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर... नाही. सातचे टोले पडायला लागले आणि मी मोजत राहिले, जसं काही सहावरच थांबले तर वेळ मागे फिरणार होती.

गेला. बसस्टँडवर गेला. आणि का जाणार नाही? म्हण म्हणाला तर म्हणायला काय झालं होतं? एक शब्द! दिवसभर नको तिथे बडबडते आणि जिथे बोलायचं तिथे तोंडाला कुलूप! आवडलाय ना तुला? दोन तासांत आवडलाय, तर आवडलाय. मग कुणाची लाज? डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी पाय थांबेनात. थांबले असते तर तिथेच बसून भोकाड पसरलं असतं.

तेवढ्यात मागून धावत येणारी पावलं ऐकू आली.

"अगं, किती भरभर चालतेस!" तेल्मो माझ्या शेजारी येऊन पोचला, धापा टाकत, माझ्याच दिशेनं चालत. "फोन करायला खांबाआड थांबलो, तर तू पुढे निघून गेलीस. पूर्ण फेरी मारायला धीर निघेना, म्हणून उलटा..."

"हिमेनाऽऽ!"

कॉफीच्या टेबलावरून एलादिया मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. माझ्या आईची जुनी शेजारीण, वय ब्याऐंशी, केस रोज सेट केलेले, आवाज चर्चच्या घंटेचा. "अगं, पोरगा वळला गं! पोरगा वळला!"

शेजारच्या तीन टेबलांवरच्या सगळ्या आजीबाई माना वळवून बघायला लागल्या. एकीनं टाळ्या वाजवल्या. मग दुसरीनं.

"काय वळला?" तेल्मो गोंधळून इकडेतिकडे बघत होता. "काय केलं मी?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "काही नाही. चल पुढे."

"काही नाही कसं? अरे पोरा," मावशी ओरडल्या, "पुरुष आपली दिशा सोडून मुलीच्या दिशेनं चालायला लागला की ठरलं! लग्नच! माझा नवरा असाच वळला होता, याच कमानीखाली, बरं का!"

तेल्मो माझ्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "हे तुझ्या पत्रकात नाही."

"नाही. इथे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून... लिहायचं राहिलं." मी खाली बघत म्हटलं. "तुला माहीत नव्हतं. तेव्हा ते धरायचं नाही. तू परत उलटा वळ, कुणी काही म्हणणार नाही."

तो वळला नाही. शेजारीच चालत राहिला.

"आणि मुलीला नको असेल तर? ती काय करायची?"

"ती वळायची. त्याला तसाच सोडून, उलट्या दिशेनं निघून जायची."

"आणि तू?"

मी आणखी दहा पावलं टाकली. सरळ.

"फोनवर काय सांगितलंस आधी सांग."

"हो म्हणालो. सातला एक मिनिट असताना. तू थांब म्हणण्याची वाट बघत बसलो असतो तर हिवाळा आला असता."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि या वेळी मी काहीच अडवलं नाही. "थांब," मी म्हटलं. "थांब, थांब, थांब! मला तू आवडलास. त्या भिंतीपाशीच आवडलास. झालं? आता म्हणाले."

"आता वारा नाही सुटलेला," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा खरबरीत हात माझ्या हातात आला. "नीट ऐकू आलं."

मागे एलादिया मावशी वेटरला सगळ्यांसाठी वाइन आणायला सांगत होत्या, आमच्या नावावर. तेल्मोनं चौकाच्या चारी बाजूंना नजर फिरवली.

"अशा किती फेऱ्या मारायच्या असतात?"

"पूर्वी मुली वर्षभर मारायला लावायच्या. रोज."

"माझा करार दोन वर्षांचा आहे."

"मग चल की," मी म्हटलं, आणि त्याला ओढत पुढच्या कोपऱ्याकडे निघाले.